विंगेतून दिसलेली माया

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी मी माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी, पुढच्या खोलीच्या मधोमध, एका विचित्र अवस्थेत उभा होतो. डोक्याला एक जाडजूड काळा टोप आवळलेला, त्याने दोन्ही डोळे पूर्ण झाकलेले, आणि डावी मूठ तोंडाशी गच्च दाबून धरलेली. खोलीत आणखी सातआठ माणसे होती. त्यांचे हसणे मला अगदी दुरून, पलीकडच्या वाड्यातून यावे तसे ऐकू येत होते. पण तोंडावरची मूठ काढण्याची माझी प्राज्ञा नव्हती. चार पावलांवर एक राक्षस उभा होता. त्याला डोळे नव्हते, पण कान फार तिखट होते. आणि हवेत असे काही जंतू तरंगत होते की तोंड उघडे राहिले तर खोकला यायचाच.

आमच्या पिढीच्या टीकाकाराला हा प्रसंग शोभणारा नव्हे, हे मी कबूल करतो. नाटके आणि कादंबऱ्या यांची परीक्षणे लिहिण्यात ज्याची चाळीस वर्षे गेली, त्याने मुलांच्या खेळण्यावर लेखणी चालवावी काय? संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी त्यांना दोन विषय सुचवले होते. त्यांतला एक चांगला भारदस्त होता. त्यांनी हा निवडला. तेव्हा भारदस्त विषय पुढल्या वर्षावर टाकून मी सरळ राक्षसाकडेच वळतो.

ज्या कृतीमुळे माझी अशी अवस्था झाली तिचे नाव ‘हाफ-लाइफ : ॲलिक्स’. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने ती २३ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध केली. त्यानंतर दोनच दिवसांनी आपल्या देशात टाळेबंदी सुरू झाली. जग दारे लावून घरात बसत असताना घरातल्या घरात दुसऱ्या जगात नेणारी कृती बाहेर पडावी, हा योगायोग विलक्षण खरा. तिला व्हिडिओ गेम म्हणतात, परंतु डोक्याला हेडसेट बांधल्याखेरीज तो खेळण्याची सोय तिच्या कर्त्यांनी ठेवलेली नाही. हेडसेट म्हणजे दोन डोळ्यांपुढे दोन लहान पडदे आणि त्यांच्यापुढे भिंगे. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रे दाखवली की मन त्यांतून खोली निर्माण करते, ही युक्ती चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ मध्येच दाखवून दिली होती. पुढे १९६८ मध्ये आयव्हन सदरलंड या अमेरिकी संशोधकाने त्या युक्तीला मानेची जोड दिली : मान वळली की चित्रही वळावे. त्याचा टोप इतका अवजड होता की तो छतापासून एका लोखंडी दांड्याने टांगावा लागे, आणि त्यात दिसत असे काय, तर रेषांनी काढलेला एक साधा घन. त्या टांगत्या टोपाला पुढे ‘डॅमोक्लीजची तलवार’ हे नाव पडले. त्या घनापासून माझ्या राक्षसापर्यंतचा प्रवास बावन्न वर्षांचा आहे.

कथानक म्हणून पाहू गेल्यास यात नवल करण्याजोगे फारसे काही नाही. परग्रहावरून आलेल्या ‘कम्बाइन’ नावाच्या सत्तेने पृथ्वी जिंकलेली आहे. सतरा क्रमांकाच्या एका शहरात ॲलिक्स व्हान्स ही तरुण मुलगी आपल्या शास्त्रज्ञ वडिलांबरोबर त्या सत्तेविरुद्ध गुप्तपणे काम करते आहे. वडील पकडले जातात. मुलगी त्यांना सोडवायला निघते. याच मालिकेतील १९९८ आणि २००४ सालच्या दोन खेळांच्या मधल्या काळात ही गोष्ट घडते. प्रकरणे अकरा. बापलेकीचे बोलणे गोड आहे. कानाशी सतत बडबडणारा रसेल नावाचा कारागीर विनोदी आहे. शेवट मात्र मला लेखकांनी पुढच्या भागाची बेगमी करण्यासाठी लिहिल्यासारखा वाटला. एवढ्यावरच परीक्षण लिहायचे असते तर मी अर्ध्या रकान्यात आटोपले असते.

पण या कृतीचा प्राण कथानकात नाही, तो हातांत आहे. पहिल्याच प्रवेशात तुम्ही एका उंच इमारतीच्या सज्जात उभे असता. खाली जुने युरोपीय वळणाचे शहर, दूर आकाशात घुसलेला एक पोलादी मनोरा, आणि इमारतींच्या माथ्यावरून तीन लांब पायांचा एक अजस्र प्राणी संथपणे पावले टाकीत जातो. याला नेपथ्य म्हणावे. उत्तम चित्रपटातही ते मिळते. पण शेजारच्या खोलीत शिरलात की खिडकीच्या काचांवर काही आकडेमोड केलेली दिसते आणि जवळच काचेवर लिहिण्याच्या पेनी पडलेल्या असतात. पेन उचला, काचेवर टेकवा, ते उमटते. टाळेबंदीच्या काळात अमेरिकेतील एका गणितशिक्षकाने याच काचेवर कोनांचा पाठ घेतला होता, असे त्या वेळी जगभर गाजले. कथानकाशी त्या काचेचा काडीचा संबंध नाही. परंतु कर्त्यांनी तिथे पेन ठेवले आणि ते चालू ठेवले. माझ्या मते या कृतीतली सर्वांत बुद्धिमान गोष्ट ती. या जगात तुमच्या हाताला किंमत आहे, एवढे ती पेन पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकते.

मग हातांवर हळूहळू भार चढत जातो. दूरची वस्तू मनगटाच्या एका झटक्याने आपल्याकडे खेचून घेणारे हातमोजे मिळतात; वस्तू हवेतून येते आणि तुम्ही ती झेलायची. पिस्तूल भरायचे तर कळ दाबून चालत नाही. रिकामे काडतूसघर खाली सोडा, खांद्यामागच्या पिशवीत हात घालून दुसरे काढा, ते बसवा, वरची पट्टी मागे ओढा. दिवाणखान्यात शांतपणे उभे राहून हे करायला दोन सेकंद पुरतात. अंगावर काही धावून येत असताना माझ्या हातून ती पेटी तीनदा जमिनीवर पडली. भीती डोळ्यांतून मनात आणि मनातून हातात उतरते, हे आम्ही पुस्तकांतून वाचत आलो; इथे ते बोटांना कळले.

आणि मग सातवे प्रकरण, ज्यात माझी मूठ तोंडाशी गेली. त्या राक्षसाचे नाव जेफ. एकेकाळचा साधा कामगार, रोगट बुरशीने असा झालेला. जागा म्हणजे दारूची बंद पडलेली भट्टी. म्हणजे जिकडेतिकडे बाटल्या. कपाट उघडावे तर आतली बाटली कलंडते आणि ती जमिनीवर पडण्याआधी झेलावी लागते. जेफ गोळ्यांनी मरत नाही. त्याच्याशी लढता येत नाही. बाटली दूर फेकायची, तो त्या आवाजाकडे वळला की श्वास कोंडून दुसऱ्या दाराने सटकायचे. सबंध खेळात पिस्तुलाचा इतका सुकाळ असताना सर्वांत प्रभावी प्रकरण जिथे पिस्तूल निरुपयोगी ठरते तेच असावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गोळीबाराची प्रकरणे त्यामानाने नेहमीच्या वाटेची आहेत आणि मधे मधे लांबतातही. (घरात लहान मुले असतील तर जेफच काय, हा सबंध खेळच त्यांच्यापासून दूर ठेवावा. त्यात रक्त आहे, भेसूर देह आहेत, आणि टोप काढला तरी ते लगेच डोळ्यांपुढून जात नाहीत.)

आता आमच्या टीकेतला जुना प्रश्न. रंगभूमीवर नट घाबरतो आणि आपण पाहतो. हातापायांना कंप सुटणे, चेहऱ्याचा रंग उडणे, हे भयाचे अनुभाव भरताने सांगितले ते नटाच्या अंगावर दिसण्यासाठी. प्रेक्षकाने खुर्चीत स्वस्थ बसून त्यातून भयानक रस घ्यावयाचा. भय आणि भयानक रस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अंधारात सापावर पाय पडल्यास कोणी रसास्वाद घेत नाही. मग जिथे कंप माझ्याच हाताला सुटला, मूठ माझ्याच तोंडाशी गेली, नटही मी आणि प्रेक्षकही मीच, तिथे मला झाले ते भय की रस? हे केवळ भय असेल तर हा सारा प्रकार जत्रेतल्या पाळण्याच्या जातीचा; गंमत म्हणून ठीक, पण साहित्याच्या मासिकात त्याला जागा नको.

तो रसच होता, असे माझे मत आहे. आणि ते का, हे मला टोपाच्या आत नव्हे, बाहेर कळले. त्यासाठी आधीच्या दोन दिवसांची हकीकत सांगितली पाहिजे.

माझ्या भाच्याच्या संगणकावर विंडोज नाही, लिनक्स आहे. हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिची सुरुवात केली आणि तिची संहिता सर्वांना वाचायला, सुधारायला मोकळी ठेवली. आज जगातले बहुतेक मोठे संगणक तिच्यावर चालतात. पण घरी खेळ खेळणारे तिच्या वाटेला क्वचितच जातात, कारण खेळ बहुधा विंडोजसाठी रचलेले असतात. “मग तू हा उपद्व्याप का करतोस?” असे मी विचारले. तो म्हणाला, “मामा, आपल्या पैशानं घेतलेल्या यंत्रात आपल्याला न विचारता कुणी काही बदललेलं मला चालत नाही.” हे बोलणे मला तेव्हा तरुणपणाच्या हट्टाचे वाटले.

धनत्रयोदशीपासून खोलीत नाटकाच्या तालमीसारखी गडबड होती. भिंतीवर दोन कोपऱ्यांत, आकाशकंदिलाच्या वायरी चुकवून, दोन लहान पेट्या बसवल्या. त्यांना दीपस्तंभ म्हणतात आणि ते नाव सार्थ आहे : डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा झोत त्या खोलीभर फिरवीत राहतात, आणि टोपावरची टिकल्यांएवढी ग्राहके तो झोत आपल्यावरून कोणत्या क्षणी गेला हे मोजून आपण कुठे आहोत ते ठरवतात. घरभर पणत्या, आणि त्यांच्या जोडीला या दोन अदृश्य पणत्या. पुढे चित्रांचा हिशेब. चित्रपटाला सेकंदाला २४ चित्रे पुरतात. इथे ९० लागतात, म्हणजे एकेका चित्राला सुमारे ११ मिलिसेकंद. त्यात उशीर झाला तर मान वळते पण जग मागे रेंगाळते, आणि माणसाच्या पोटात ढवळू लागते. ताईच्या जावयांना पहिल्या दिवशी तसे ढवळले आणि ते फराळाला मुकले.

भाच्याने सांगितलेली एक गोष्ट मला फारच आवडली. टोप संगणकाला जोडला की संगणकाची समजूत होते, आणखी एक पडदा आला. आणि तो आपली चित्रे, चिठ्ठ्या, घड्याळ असा सारा संसार त्यावर मांडू लागतो, पाहुण्यांसाठी अंथरलेल्या पलंगावर घरच्यांनी वाळलेले कपडे टाकावेत तसा. यावर कीथ पॅकार्ड या अनुभवी कारागिराने व्हॉल्व्हसाठी तोडगा काढला. लिनक्सच्या चित्रव्यवस्थेशी त्याचे नाव कित्येक वर्षे निगडित आहे. तोडगा असा, की लिनक्सने तो पडदा आपल्या संसारातून वेगळा काढून खेळाला चक्क भाडेपट्ट्याने द्यायचा. तिथे शब्दही ‘लीज’ असाच वापरतात. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्सच्या ४.१५ या आवृत्तीत ही सोय झाली. भाडेकरू गेला की जागा पुन्हा मालकाची. भाडेकरूंवरून ज्यांच्या घरात तीन पिढ्या दावे चालले अशा माझ्यासारख्या माणसाला ही व्यवस्था आदर्श वाटली.

विंडोजसाठी लिहिलेल्या खेळांना ‘प्रोटॉन’ नावाचा एक दुभाषी लागतो. व्हॉल्व्हने तो २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुढे आणला, पण त्याच्या पोटात ‘वाइन’ नावाच्या १९९३ पासून चाललेल्या लोकांच्या उद्योगाची पुण्याई आहे. खेळ विंडोजच्या भाषेत काही मागतो, दुभाषी ते लिनक्सला समजावतो, आणि हे सगळे त्या ११ मिलिसेकंदांच्या आत. ‘ॲलिक्स’ची खास लिनक्ससाठीची आवृत्ती मे २०२० मध्ये निघालेली आहे, तरीही कित्येक खेळाडू ती बाजूला ठेवून विंडोजची आवृत्ती दुभाष्याकडूनच ऐकणे पसंत करतात. मूळ भाषेतले लेखन सोडून भाषांतर आवडावे, असे आमच्या व्यवसायातही घडते, पण आम्ही ते कबूल करीत नाही.

हे सारे सुरळीत झाले असे वाचकांनी समजू नये. पहिल्या संध्याकाळी चित्र टोपात आले आणि आवाज भलतीकडे गेला. जेफची घरघर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेल्या स्पीकरातून निघाली. ताई हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली. चूक आमचीच होती, आवाजाची वाट ठरवायची राहून गेली होती. परंतु दोन दिवस असे खिळे, दोऱ्या आणि फळ्या पाहिल्यावर माझी खात्री झाली होती की आता माया काही चालायची नाही. ज्याने विंगेत उभे राहून रंगपेटी पाहिली, त्याला राजाचा मुकुट पुठ्ठ्याचा दिसणारच.

तसे झाले नाही. झाले ते उलट. जेफ समोर आला तेव्हा माझा हात कापला, तरी मनाचा एक कोपरा जागा होता आणि त्या कोपऱ्याला मौज वाटत होती. तो दीपस्तंभ, तो भाडेपट्टा, तो दुभाषी, तो मधल्या खोलीत वेटाळून ठेवलेला वायरींचा गुंता, हे सगळे कुठेतरी मागे काम करीत आहे, ही जाणीव माझ्या भयाला धरून होती, आणि तिनेच त्या भयाचा रस केला. आपल्या जुन्या प्रेक्षकांना हे ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ केले. काचांवर चित्रे त्यांच्या घरच्यांनी हाताने रंगवलेली. नाव शंबरासुराच्या मायेवरून घेतलेले. दिवा मागे आहे आणि काच कोणी तरी सरकवीत आहे, हे समोर बसलेल्यांपासून लपलेले नव्हते. मायेला मायाच म्हणून बोलावले होते, आणि ती आली होती.

पण माझ्या भाच्याने मला विंगेत येऊ दिले म्हणून हे घडले. विंगेचे दार ज्याच्या-त्याच्या मर्जीवर असते, आणि इथून ही गोष्ट नुसत्या आस्वादाची राहत नाही.

या टोपांचा अलीकडचा इतिहास पाहावा. २०१२ मध्ये ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी साडेनऊ हजारांवर लोकांनी वर्गणी काढून सुमारे २४ लाख डॉलर उभे केले. २०१४ मध्ये ती कंपनी फेसबुकने दोनशे कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले. मे २०१५ मध्ये कंपनीने लिनक्स आणि मॅक यांच्यासाठीचे काम थांबवल्याचे जाहीर केले. २०२० मध्ये निघालेला ‘क्वेस्ट २’ हा टोप तर फेसबुकचे खाते असल्याशिवाय वापरताच येत नसे. लोकांनी ओरड केल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये ती अट सैल झाली आणि मेटाचे निराळे खाते चालू लागले. गंमत अशी, की क्वेस्टच्या पोटातही लिनक्सच आहे, कारण त्याची व्यवस्था अँड्रॉइडवर बेतलेली आहे. तेव्हा लिनक्स या नावात काही जादू नाही. घरात देवघर असून किल्ली शेजाऱ्याकडे, अशातला तो प्रकार.

याहून बोलके उदाहरण मायक्रोसॉफ्टचे. २०१७ पासून विंडोजच्या आश्रयाने ‘विंडोज मिक्स्ड रिॲलिटी’ या कुळातले टोप एचपी, लेनोव्हो, एसर, डेल, सॅमसंग अशा अनेकांनी विकले. २०२० मधला एचपीचा ‘रिव्हर्ब जी २’ चित्राच्या सुबकपणासाठी नावाजला गेला. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती सबंध व्यवस्था मोडीत काढल्याचे सांगितले, आणि २०२४ च्या शरदात आलेल्या विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. ज्यांनी आपला संगणक नेहमीप्रमाणे अद्ययावत केला त्यांच्या हातात चारएक वर्षांचा, न मोडलेला, न पडलेला टोप राहिला आणि तो काही दाखवीना. भिंगे शाबूत, पडदे शाबूत, आणि नाट्यगृह बंद.

त्यांतले काही टोप लिनक्सवर मात्र चालत राहिले. २०१९ पासून ‘मोनाडो’ या नावाने एक उघडी व्यवस्था उभी होत होती; कोलॅबोरा या कंपनीने तिला आधार दिला आणि कितीतरी हौशी मंडळींनी तिच्यात आपापल्या टोपासाठी चालके लिहिली. मायक्रोसॉफ्टच्या कुळातले टोपही त्यात आले. तडजोडी पुष्कळ होत्या. हातातल्या कंट्रोलरांचा माग नीट लागत नसे, नवख्याला ते जमण्यासारखे नव्हते. पुढे २०२५ मध्ये विंडोजवरही एका अभियंत्याने आपल्या फुरसतीच्या वेळात त्यांना पुन्हा जाग आणली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण जे मालकाने सोडले ते परक्यांनी सांभाळले, ही गोष्ट राहतेच. माझ्या भाच्याचा हट्ट मला एवढा तरुणपणाचा वाटेनासा झाला.

टीकाकाराला याचे काय, असे कोणी म्हणेल. टीकाकाराचा धंदा पुन्हा वाचण्यावर चालतो. पंचवीस वर्षांपूर्वी मला सामान्य वाटलेली कादंबरी मी आज कपाटातून काढतो आणि माझी चूक मला समजते. कसर लागली असली तरी पान उलटते. ‘ॲलिक्स’बद्दल मी वर जे लिहिले ते बरोबर की चूक, हे आणखी पंचवीस वर्षांनी कोणी तरी तपासून पाहायला हवे, निदान जेफचे प्रकरण आणि खिडकीची काच. त्याला ती कृती पाहता येईल का? तेव्हा टोप कोणाचा असेल, आणि तो कोणाच्या परवानगीने उजळेल? रंगभूमीवरचे प्रयोग नाहीसे होतात याचे आम्ही दुःख करीत आलो, पण तिथे नाश देहधर्माने होतो. इथे तो एखाद्या कंपनीच्या बैठकीतल्या ठरावाने होतो.

लिनक्सवाल्यांनीही फार मिरवू नये. त्यांचे रंगमंदिर मोकळे असले, तरी आत जो प्रयोग चालला आहे त्याची संहिता कुलपातच आहे. ‘ॲलिक्स’ व्हॉल्व्हच्या मालकीची, ती ज्या ‘स्टीम’ नावाच्या दुकानातून येते ते दुकानही व्हॉल्व्हचे, आणि त्या दुकानाची आतली रचना कोणालाही वाचायला ठेवलेली नाही. उद्या तिथे मन बदलले तर भाच्याच्या दोऱ्या आणि फळ्या जागच्या जागी राहतील आणि नटच येणार नाहीत. तरी पण व्हॉल्व्हने नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘स्टीम फ्रेम’ नावाचा जो टोप जाहीर केला, त्यात संगणक टोपातच असून त्यावर लिनक्सच्या पायावरची ‘स्टीमओएस’ ठेवलेली आहे, ही बातमी भाच्याने मला मुद्दाम फोन करून सांगितली. आवाजावरून घरात लग्न ठरल्यासारखे वाटत होते. मी त्याला म्हटले, किल्ली कोणाकडे राहते ते बघ आणि मग पेढे वाट.

एक उणीव मात्र कुठल्याही व्यवस्थेने भरून येणारी नाही. या जगात तुम्हाला हात आहेत, बाकी देह नाही. खाली पाहिले तर पाय दिसत नाहीत. टेबलावर हात टेकला तर चित्रातला हात टेबलापाशी थांबतो आणि खरा हात त्यातून आरपार जातो. थकून टेबलाला रेलू पाहणारा माणूस पडता पडता वाचतो. मी वाचलो. वास नाही, ऊन नाही. त्या भट्टीत दारूचा दर्प यायला हवा होता, तिथे मला स्वयंपाकघरातल्या चकलीच्या तळणीचा वास येत होता, आणि खरे सांगायचे तर जेफपासून मला सर्वांत मोठा दिलासा त्या वासाचाच होता.

ताईची तक्रार निराळी होती. “दिवाळीला सगळी माणसं एका खोलीत जमतात, आणि तुम्ही त्यातला एक उचलून भलतीकडे पाठवता,” असे ती म्हणाली. तिचे म्हणणे पूर्ण खोटे नाही. टोपातला माणूस घरात असून नसतो. पण टोपात जे दिसते ते भाच्याने समोरच्या मोठ्या पडद्यावरही लावले होते, आणि त्यामुळे खोलीत एक दुसरेच नाटक उभे राहिले. टोपातला माणूस जेफला भिऊन वाकतो आहे आणि खोलीतली माणसे त्याला “डावीकडे, अहो, डावीकडे!” म्हणून ओरडत आहेत. नटाला सूचना देणारा असा जागरूक प्रेक्षकवर्ग आमच्या रंगभूमीला कधी लाभला नव्हता. या कलेचा विचार करणारे फक्त टोपातल्या माणसाचा विचार करतात. खोलीतल्या माणसांसाठी कोणी काही रचलेले नाही, आणि ती जागा अजून मोकळी आहे असे मला वाटते.

संध्याकाळी ओवाळणी झाल्यावर ताईच टोप घालायला तयार झाली. तिचा चष्मा काढावा की ठेवावा यावर थोडी चर्चा झाली. भाच्याने तिला पहिल्या प्रवेशात सोडले. सज्जातून खाली पाहून ती “अगं बाई!” म्हणाली आणि दोन पावले मागे सरली. तीन पायांचा प्राणी गेला तो तिने पाहिलाही नाही. ती शेजारच्या खोलीत गेली, चाचपडत पेन उचलली, आणि त्या परक्या शहराच्या खिडकीच्या काचेवर, वरच्या बाजूला मधोमध, सवयीने ‘श्री’ लिहिले. मग खाली तारीख घातली आणि वाण्याची यादी सुरू केली : रवा, डालडा नको, वेलदोडे.

“आई, पुढे चल ना,” भाचा म्हणाला, “खरा खेळ पुढे आहे.”

“थांब रे,” ती म्हणाली, “हे पुसायचं कशानं, ते आधी सांग.”